डॉक्टरीचा परवाना आणि सहावे साधन

आपल्या पांढुर्णा–सौंसर भागात एखाद्या घरची मुलगी किंवा मुलगा डॉक्टर झाल्याची वार्ता येते, तेव्हा ती साऱ्या गल्लीची वार्ता होते. पेढे वाटले जातात, दूरचे नातेवाईक जवळचे होतात, आणि बाजारच्या दिवशी चार ठिकाणी तोच विषय निघतो. परंतु हा आनंद नेमका कोणत्या घटकेचा, असे कोणी विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. प्रवेशपरीक्षेचा निकाल लागताच घरची माणसे मुलाला डॉक्टर म्हणू लागतात. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की महाविद्यालय म्हणू लागते. कायदा मात्र तेवढ्याने म्हणत नाही. एम.बी.बी.एस.ची अखेरची परीक्षा उतरल्यावरही बारा महिने रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांत आणि खेड्यांतील आरोग्यकेंद्रांत उमेदवारी करावी लागते, आणि ती पुरी झाल्यावरच वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत कायमचे नाव चढते. इंटर्नशिप या नावाने आपण जिला ओळखतो, ती हीच उमेदवारी होय.

परदेशात शिकून येणाऱ्यांची वाट याहून लांब आहे. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान अशा देशांतून वैद्यकीची पदवी घेऊन परतणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना २००२ सालापासून एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत एकाच दिवशी, दोन सत्रांत मिळून तीनशे प्रश्न सोडवायचे असतात, आणि निम्मे गुण मिळाले तर उमेदवार उत्तीर्ण होतो. ऐकायला हे काही मोठे दिव्य वाटत नाही. तथापि अनेक खेपांत उत्तीर्णांचे प्रमाण चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली राहिले आहे. घरची जमीन गहाण टाकून मुलाला पाठविलेल्या बापाला या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. २०१९ च्या कायद्याने देशात व परदेशात शिकलेल्या सर्वांसाठी एकच निर्गम परीक्षा असावी असे ठरविले आहे. तिचा मुहूर्त मात्र एकसारखा पुढे ढकलला गेला आहे.

परीक्षा नसावी, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. परवान्याची चाड श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक असावी लागते, कारण श्रीमंत मनुष्य नागपूरला जाऊन चार डॉक्टरांचे मत घेऊ शकतो. रानातल्या पाड्यावरील मनुष्य मात्र जो कोणी पिशवी घेऊन दारी येईल त्याच्यापुढे हात पुढे करतो. पिशवीतल्या सुईने त्याला एक दिवस हुशारी येते आणि पुढे काय होते ते आपण सर्वांनी आपापल्या गावी पाहिले आहे. तेव्हा अभ्यास कसून करावा, तीनशे प्रश्नांसाठी तीन हजार सोडवावे, यात वाद नाही. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. ज्या वर्षी विद्यार्थ्याने परीक्षेच्या खोलीतून बाहेर पडून माणसांत जावयाचे, त्या वर्षाची आपण सर्वांनी मिळून उपेक्षा चालविली आहे.

परवाना ही गोष्ट इंग्रजांनी आणली अशी पुष्कळांची समजूत असते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा आणि दहावा हे दोन अध्याय ज्याने वाचले असतील, त्याची ती समजूत राहणार नाही. नवव्या अध्यायात हाताच्या सरावाचा विचार आहे. शिष्य कितीही पढलेला असो, सरावावाचून तो कामाला अपात्र, असे तेथे स्पष्ट आहे. आणि सराव कशावर करावा तेही सांगितले आहे. कापण्यासाठी कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. शिरा वेधण्यासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा व कमळाचे देठ. पट्टी बांधण्यासाठी मनुष्याकृती बाहुला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. तेव्हा तात्पुरत्या उपचारकेंद्रांत एकामागून एक फुटकी डोकी घेऊन माणसे येत राहतात. त्या दिवशी तेथे उभा असलेला नवा डॉक्टर कोणत्या वर्गात पहिला आला होता हे कोणी विचारीत नाही. टाका नीट पडतो की नाही, एवढेच पाहिले जाते. (गोटमार असावी की नसावी, हा वाद येथे उकरून काढीत नाही, तो दरवर्षी निघतो आणि दगड दरवर्षी पडतात.)

दहाव्या अध्यायाचे नाव तर आपल्या विषयाचेच नाव आहे. विशिखा म्हणजे रस्ता, गल्ली. शिकून तयार झालेल्या वैद्याने गल्लीत पाऊल कसे टाकावे, याचा तो अध्याय. शास्त्र वाचलेले असावे, त्याचा अर्थ कळलेला असावा, शस्त्रकर्म पाहिलेले व स्वतः केलेले असावे, राजाची अनुज्ञा मिळालेली असावी, नखे-केस कापलेले, वस्त्रे शुभ्र, वेष भपकेबाज नसलेला, हाती छत्री व काठी, पायी जोडे, आणि मग त्याने गल्लीत शिरावे. आजची परीक्षा, आजची नोंदणी आणि आजचा पांढरा कोट, तिन्ही येथे आहेत. परंतु अध्याय तेथे संपत नाही. रोगाचे ज्ञान होण्याची साधने किती, याची चर्चा पुढे येते. कोणी तीन म्हणतात. सुश्रुत म्हणतो, सहा. पाच साधने म्हणजे पाच ज्ञानेंद्रिये, आणि सहावे साधन म्हणजे प्रश्न. रुग्णाचा देश, काळ, त्याला मानवणाऱ्या गोष्टी, दुखणे कसे उपजले, वेदना किती, भूक कशी, मलमूत्र साफ होते की अडले, हे सारे डोळ्यांनी दिसत नाही, हाताला लागत नाही; ते विचारावे लागते.

पाच साधनांची सोय आज विज्ञानाने फार उत्तम करून ठेवली आहे. डोळ्यांच्या जागी क्ष-किरण आले, कानांच्या जागी नळी आली, बोटांच्या जागी यंत्रे आली. सहाव्या साधनाच्या जागी मात्र कोणतेही यंत्र आले नाही. आणि नेमके तेच साधन घासूनपुसून तयार करण्यासाठी जे वर्ष ठेवले आहे, ते पुढच्या परीक्षेच्या तयारीत खर्ची पडते. देशात एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या वर गेल्या आहेत. पुढील शिक्षणाच्या जागा त्यांहून कमी आहेत. त्यामुळे उमेदवारीच्या वर्षातला विद्यार्थी वॉर्डात देहाने असतो आणि मनाने पुस्तकात. कित्येक ठिकाणी तो देहानेही नसतो, हजेरीपुरता असतो. यात सगळा दोष त्या पोराचा नव्हे. गावचा साधा डॉक्टर म्हणून राहणे ही हार आहे, असे त्याला शिकविणारे आपणच आहोत. नियमांत या वर्षातील बारा आठवडे सामाजिक वैद्यकासाठी, म्हणजे बव्हंशी खेड्यांतल्या आरोग्यकेंद्रांसाठी, राखलेले आहेत. बारा आठवडे हा काही थोडका काळ नव्हे. आपल्या संत्र्याच्या बागेत एक बहर डोळ्यांदेखत फुलून फळ धरावे, इतका तो आहे.

परीक्षा उतरल्यानंतरही एक परवाना मिळवायचा शिल्लक राहतो, याचे उदाहरण म्हणून डॉ. रखमाबाईंचे चरित्र मला नेहमी आठवते. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्याचे नाकारून सबंध देश ढवळून काढणारा खटला लढविलेल्या या बाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ साली त्यांनी एडिंबरा व ग्लासगो येथील संस्थांचा वैद्यकीचा परवाना परीक्षा देऊन मिळविला. त्या काळी एका हिंदू स्त्रीला यापुढे मिळवायचे काय राहिले, असे वाटावे. परंतु मुंबईला थोडा काळ काम करून त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या, तेव्हा बाळंतपणासाठी तेथे कोणी बाई पाऊल टाकीना. विलायतेचा शिक्का सुरतेच्या गल्लीत चालेना. असे सांगतात, की रुग्णालयाच्या आवारात एक गाभण शेळी अडली होती. रखमाबाईंनी तिची सुटका केली, ते पाहून बायकांची भीती मोडली आणि त्या येऊ लागल्या. हकीकत अक्षरशः अशीच घडली की तोंडोतोंडी तिला आकार आला, याच्या खोलात मी जात नाही. त्यांनी पुढे अनेक वर्षे सुरतेत काढली आणि गुजराती बोलणाऱ्या बायकांचा विश्वास मिळविला, हे मात्र खरे आहे. मराठी ही त्यांची घरची भाषा, इंग्रजी परीक्षेची. रुग्णाची भाषा तिसरीच होती, आणि ती कोणत्याही परीक्षेत नव्हती.

आता आपल्या घरी येऊ. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली, आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा व सौंसर या मराठी तहसिली मध्यप्रदेशात राहिल्या. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून निराळा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी, चुलीपाशी मराठी, डोंगराकडच्या पाड्यांवर गोंडी, अशी आपली स्थिती आहे. छिंदवाड्याला २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आपल्या भागाला मोठी जोड मिळाली. तेथे शिकणारी आणि आपल्या आरोग्यकेंद्रांत नेमली जाणारी मुले राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेली असू शकतात. त्यांनी आपल्या आजीशी बोलावे कसे?

बोलणे होते, नाही असे नाही. हिंदी आपल्याला येते. पण दुखणे मनुष्य परक्या भाषेत सांगत नाही. सांगितले तर ते अर्धे सांगतो. आणि आपल्या भाषेत दुखण्याची बोली सरळ नाही, ती आडवळणाची आहे. रात्री शेतावरून माणसाला उचलून आणतात आणि बरोबरची बाई सांगते, ‘याला पान लागलं.’ साप हा शब्द रात्री उच्चारू नये म्हणून आपली माणसे असे म्हणतात. ज्याला हे ठाऊक नाही तो विड्याच्या पानाचा आणि तंबाखूचा विचार करीत बसेल, आणि सर्पदंशात तेवढा वेळ फार महाग पडतो. सुनेला घेऊन आलेली सासू म्हणते, ‘तिले दिवस गेले.’ ऐकणाऱ्याला वाटेल, दुखण्याला बरेच दिवस लोटले. तिचे म्हणणे असते, सून गरोदर आहे, औषध जपून द्या. ‘अंगावरून जाते’ आणि ‘अंगावर काढले’ या दोन वाक्यांत एका अक्षराइतकेच अंतर वाटते. पहिल्यात बाई आपल्या गुप्त व्याधीची कबुली देत असते. दुसऱ्यात, महिना महिना ताप सोसून कोणाला कळू दिले नाही, हे सांगत असते. हे दुसरे वाक्य ज्या डॉक्टरला कळले, त्याने निम्मा रोग ओळखला असे मी समजतो. आपल्या बायकांची दुखणी उशिरा का दिसतात याचे कारणच त्या वाक्यात आहे.

सिकलसेलसारखा रक्ताचा आजार आपल्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाली. त्या आजाराच्या मुलाचे हातपाय ठणकतात, डोळे पिवळे पडतात, आणि घरी त्याला आळशी म्हणतात. रक्ताची तपासणी निदान पक्के करील. परंतु तपासणी कोणाची करावयाची, हे ‘शाळेत जायला कुरकुरतो’ एवढ्या वाक्यातून ओळखावे लागते.

आणि २०२५ च्या सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारी, छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात जे घडले, ते लिहिताना हात जड होतो. खोकल्याच्या औषधात विषारी द्रव्य निघाले. बालकांची मूत्रपिंडे निकामी झाली. कित्येकांना नागपूरच्या रुग्णालयांत हलविले, आणि वीसहून अधिक लेकरे गेली. औषध बनविणाऱ्याची आणि ते तपासणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी काय, याचा निर्णय न्यायालये करतील. मला त्यातली एकच गोष्ट येथे सांगावयाची आहे. अशा विषबाधेत लघवी कमी होणे, बंद होणे ही धोक्याची मोठी खूण असते, आणि ती सर्वांच्या आधी कळते ती आईला. सुश्रुताने प्रश्न विचारून जाणावयाच्या गोष्टींत मूत्राची प्रवृत्ती आणि अप्रवृत्ती घातली आहे, ती उगाच नव्हे. लंगोट सकाळपासून कोरडा आहे, हे आईला सांगता आले पाहिजे, तिला ते विचारले गेले पाहिजे, आणि सांगितलेले ऐकणाऱ्याला समजले पाहिजे.

२०२२ साली मध्यप्रदेश सरकारने एम.बी.बी.एस.ची पाठ्यपुस्तके हिंदीत काढली. त्यावर पुष्कळ हसू झाले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आपल्या भाषेत हाड, नस, आतडे यांविषयी विचार करता येणे हे चांगलेच. पण तोच न्याय एक पायरी खाली आणावा, एवढे माझे म्हणणे आहे. पुस्तकाची भाषा विद्यार्थ्यासाठी बदलता येते, तर विद्यार्थ्याची भाषा रुग्णासाठी थोडी का बदलू नये? वैद्यकीच्या नव्या अभ्यासक्रमात प्रवेशाच्या आरंभीच भाषेच्या सरावाला जागा ठेवलेली आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष द्यावे अशीही योजना आहे. कागद चांगला आहे. त्या कागदावर पांढुर्णा जिल्ह्यापुरते ‘मराठी व गोंडी’ एवढे दोन शब्द भरले तर पुरे. रशियाला शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना तेथील रुग्णांशी बोलण्यासाठी रशियन शिकावी लागते, आणि ती शिकतात. मॉस्कोच्या म्हातारीसाठी जे जमते ते मोहगावच्या म्हातारीसाठी न जमण्याचे कारण मला तरी सापडलेले नाही.

असे प्रयोग झालेच नाहीत असे नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना शरीरशास्त्राचे पुस्तक उघडण्याआधी गांधीजींच्या आश्रमात राहावे लागते. प्रार्थना, श्रमदान, आपले ताट आपण घासणे हा पहिला पाठ. नंतर प्रत्येक वर्गाने एक गाव घ्यावयाचे, तेथे जाऊन राहावयाचे, आणि पुढेही त्या गावाशी संबंध ठेवावयाचा. देशव्यापी प्रवेशपरीक्षा येण्यापूर्वी तेथे स्वतंत्र परीक्षा असे आणि तीत गांधीविचारांचीही एक प्रश्नपत्रिका असे. ती प्रश्नपत्रिका गेली, गाव राहिले. दोहोंपैकी एक जावयाचेच होते तर योग्य तेच गेले, असे माझे मत आहे. सेवाग्राम आपल्यापासून फार दूर नाही. नागपूरमार्गे आगगाडीने सकाळी निघालेला मनुष्य दुपारपर्यंत तेथे पोहोचतो.

या अंकाच्या वाचकांत वैद्यकीला जावे असे मनात असणारे कितीतरी विद्यार्थी असतील. मराठी शाळेत शिकलो म्हणून आपण मागे पडू, ही भीती त्यांच्या मनात घातली जाते. त्यांना खोटा धीर देणार नाही. प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते. पण पुढचे ग्रंथ आणि परवान्याच्या परीक्षा यांसाठी इंग्रजी चांगली यावीच लागेल, आणि ती कष्टाने येते. मात्र एवढे लक्षात असावे, की इंग्रजी शिकवणीत विकत मिळते. ‘पान लागलं’चा अर्थ कोठल्याच शिकवणीत मिळत नाही, आणि तो त्यांच्यापाशी आधीच आहे.

म्हणून एक सूचना करतो, ती शिक्षकांनी व पालकांनी विचारात घ्यावी. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नववी-दहावीच्या मुलामुलींनी एक वही करावी. आजी, आत्या, शेजारची सुईण, बागेत फवारणीला जाणारे मजूर यांना भेटून दुखण्याखुपण्याचे शब्द ते बोलतात तसेच लिहून घ्यावे. समोर त्याचा साधा अर्थ हिंदीत, आणि ज्यांच्या घरी गोंडी आहे त्यांनी गोंडीतही. ‘ढाळ’, ‘वांती’, ‘फेफरे’ हे सोपे. ‘जीव घाबरा होते’ आणि ‘पोटात कालवते’ हे अवघड, कारण त्यांचा अर्थ लिहिताना आजीला पुन्हा विचारावे लागेल. बायकांच्या दुखण्याचे पान मुलींनी करावे. तेथे मुलांना कोणी काही सांगणार नाही. वही पुरी झाली की गावातल्या एखाद्या जुन्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, तिच्या प्रती काढाव्या, आणि पांढुर्ण्याच्या व सौंसरच्या सरकारी दवाखान्यांत उमेदवारीला येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरच्या हाती पहिल्या दिवशी एक द्यावी. वहीत शेवटी काही पाने कोरी ठेवावी, म्हणजे त्यांना ऐकू येईल ते त्यांनाही लिहिता येईल.